खळ न घातलेली चादर

वहिनीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. एका हॉटेलच्या तळघरात ती चादरींना इस्त्री करायची. चादरी मळून खाली यायच्या, कडक होऊन वर जायच्या. त्यांच्यावर कोण झोपतं, हे तिने कधी पाहिलं नाही. निवृत्त झाली तरी चारला डोळे टक्क उघडे. मग भांडी वाजायची आणि माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे दादाची, झोपमोड व्हायची.

"अगं, आता कोण तुझी हजेरी घेतंय?"

"सवय आहे. तुमची घोरायची, माझी उठायची."

साठवलेल्या पगारातून तिने एकच हौस ठरवली होती. तळ्याकाठच्या मोठ्या हॉटेलात एक रात्र राहायचं आणि दुसऱ्या कुणी इस्त्री केलेल्या चादरीवर ऊन वर येईपर्यंत झोपायचं.

"चारला उठून बसशील आणि पैसे पाण्यात," दादा म्हणाला. तिलाही तीच धास्ती होती. म्हणून आधी काही दिवस नुसतं फिरायचं, अंगाला आळस लावून घ्यायचा असं ठरलं. सामान उचलायला मी. जन्मभर गवंडीकाम केलं, ओझ्याचं मला काही वाटत नाही.

पहिल्याच मुक्कामी आळस बोंबलला. लॉजसमोर धर्मादाय दवाखाना होता. फिरायला निघालेली कॉलेजची मुलं वाटेत तिथे थांबून बिनपगारी राबत होती. गच्चीवर एक मुलगी चादरीला इस्त्री करत होती, दुसरी तिचा फोटो काढत होती. वहिनी खिडकीतून बघत होती.

"चुरगळलेलीच बरी होती," ती पुटपुटली. जरा वेळाने म्हणाली, "भावजी, माझ्या चपला कुठे आहेत?"

दादाने कपाळावर हात मारला. "झाला आराम!"

मुलांना मी नावं ठेवत नाही. घाम गाळत होती बिचारी. फक्त हात फिरत होता, जोर पडत नव्हता. वहिनीने बाह्या सारल्या, इस्त्री घेतली आणि मला बादल्यांना जुंपलं. मुलं काकू-काकू करत घड्या शिकली. संध्याकाळपर्यंत खळ घालून चादरी अशा कडक झाल्या की भिंतीला टेकून उभ्या राहिल्या असत्या.

चादरी वॉर्डातल्या खाटांवर गेल्या. वहिनी कौतुक ऐकायला दारात थांबली. पाय प्लास्टरमध्ये असलेले एक म्हातारे पोस्टमन उशीला टेकले आणि हळूहळू पायथ्याकडे निघाले.

"अरे, धरा मला! खाट आहे की घसरगुंडी?"

नर्सने वर ओढलं. ते पुन्हा निघाले.

"कुणाचा हा उद्योग? पत्र्यावर झोपवलंय मला!"

"माझा," वहिनी म्हणाली. "हॉटेलात लोकांना असंच आवडतं."

"कोण म्हणालं?"

कुणीच म्हणालं नव्हतं. विचारायला आजवर कुणी भेटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या चादरी पुन्हा पाण्यात. खळ बंद. पिळायला दादाही आला, कुरकुरत का होईना. वहिनी खाटेखाटेपाशी जाऊन विचारत होती. पोस्टमन म्हणाले, "शिवण पायाकडे नको, टाचेला बोचते." तिने शिवण फिरवली. ते टेकले, जरा हलून बघितलं, "हां, आता..." म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून झोपले.

वहिनी कुजबुजली, "भावजी, झोपले बघा!"

जिन्यात मी विचारलं, "मिळालं काय तुला यातून?"

"एवढ्या वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाईक पाहिलं."

"एक पैसा न देणारं."

"असू दे. माझं आहे."

मग फिरणं राहिलंच. दवाखान्यातून थेट तळ्याकाठचं हॉटेल गाठलं तेव्हा वहिनीचे खांदे भरून आले होते. मी शेजारच्या स्वस्त लॉजवर उतरलो. पहाटेच दादा माझ्या दारात.

"अरे, ती उठत नाहीये!"

"श्वास चालू आहे ना?"

"घोरतेय! भांडी वाजली नाहीत म्हणून चारला मलाच जाग आली."

आम्ही जाऊन तिच्या दाराबाहेर बसलो. चादरी बदलायला बाई आली. दादाने तोंडावर बोट ठेवून तिला परत पाठवलं. पुन्हा आली, पुन्हा पाठवली. नाश्त्याची वेळ टळली. शेवटी दार उघडलं. वहिनीच्या गालावर चादरीच्या घडीचा वळ उमटला होता.

"खळ जास्त घालतात हो इथे," ती म्हणाली. "किती वाजले?"

दहा वाजून गेले होते. पगार वसूल झाला.