तात्या आणि दाढीवाला सरडा

या पृथ्वीतलावर असा एकही विषय नाही, ज्यावर माझ्या मामेसासऱ्यांना सल्ला देता येत नाही. कळसमध्ये सगळा गाव त्यांना तात्या म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. डाळिंबाची छाटणी, ट्रॅक्टरचा क्लच, कुणाच्या पोरीनं कुठली डिग्री घ्यावी, सगळ्याला त्यांच्याकडे उत्तर तयार. प्रश्नाची वाट बघत बसणं त्यांना जमत नाही. एकदा पासबुक भरायला म्हणून भवानीनगरला गेले आणि बँकेच्या मॅनेजरला पाठ दुखू नये म्हणून खुर्चीत कसं बसावं ते शिकवून परत आले. पासबुक तिथंच राहिलं. मात्र त्यांनी स्वतः कुणाला काही विचारल्याचं मामींच्या आठवणीत नाही. "बारामतीत रस्ता चुकला तरी ह्ये इचारत न्हाईत. फिरत ऱ्हात्यात, पेट्रोल सपंस्तवर," असं मामी सांगतात.

अशा माणसाच्या गळ्यात सरडा पडला. त्यांच्या पुण्यातल्या मुलाला जर्मनीत नोकरी लागली आणि नऊ वर्षांच्या नातीचा, सईचा, लाडका प्राणी आजोबांकडे आला. वीतभर अंगाचा, तेवढ्याच शेपटीचा, गळ्याखाली काटेरी दाढी असलेला ऑस्ट्रेलियाकडचा सरडा; नाव बंडू. निघताना सई इतकी रडली की तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला, "तू येस्तवर ह्याच्या केसालाबी धक्का लागणार न्हाय." त्याला केस नाहीत, हे तेव्हा कुणी बोललं नाही.

तात्यांनी पाहुणचारात कसूर केली नाही. खिडकीत उन्हाची जागा दिली, मामींचा पाट दिला, आणि पुण्याच्या बाजारात जाणाऱ्या जुड्यांतली सगळ्यात हिरवीगार कोथिंबीर रोज निवडून समोर ठेवली. तिसऱ्या आठवड्यात बंडूनं खाणं सोडलं. डोळे मिटून नुसता पडून राही. सईचा व्हिडिओ कॉल आला की तात्या मोबाइल भिंतीकडे धरत आणि म्हणत, "झोपलाय गं."

मग आयुष्यात पहिल्यांदा तात्या विचारायला बाहेर पडले, तेही पाहुण्याचं नाव पुढं करून. "आमच्या एका पाव्हण्याकडं सरडा हाय," इथून सुरुवात. खताच्या दुकानदारानं सवयीनं विचारलं, "किती एकरावर हाय?" सांगवीच्या कोंबडीवाल्यानं पिलांना उबेसाठी लावतात तसला बल्ब लावायला सांगितलं, आणि ते बरोबरच निघालं, बंडू जरा हलला, पण खाईना. म्हशींच्या डॉक्टरनं सरडा बघितला, मग तात्यांकडे बघितलं आणि पाठीवर हात ठेवला. त्या हातानं तात्या हबकले. इतरांच्या पाठीवर असे हात त्यांनीच आजवर ठेवले होते.

शेवटी मीच त्यांना बारामतीत कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. मांडीवर बुटांचा खोका, त्यात मामींचं मऊ लुगडं, लुगड्यात बंडू. तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला उलटासुलटा तपासला आणि विचारलं, "आजोबा, याला भाजी कुठली घालता?"

"आपल्या रानातली. बाजाराची, एक नंबर! एक पान किडकं दाखवा."

"आणि घरी तुम्ही कुठली खाता?"

तात्या खोक्यातलं लुगडं सारखं करू लागले. आमच्याकडे बहुतेक बागायतदारांचं असंच असतं: बाजारासाठी फवारलेला माल, आणि विहिरीशेजारी घरच्यापुरता एक बिनफवारणीचा वाफा. त्याची पानं भोकाभोकांची. पाहुण्याला ती कशी वाढायची, म्हणून तात्यांनी चांगल्या मनानं त्याला फवारणीचं औषध खाऊ घातलं होतं.

"घरचा वाफा येगळा हाय," ते हळूच म्हणाले.

"आजपासून याला तीच भाजी. वाचेल, पण आणायला उशीर केलात."

पाच दिवसांनी बंडूनं भोकं पडलेलं एक पान ओढलं. मामींनी देवापुढं साखर ठेवली. तात्यांनी मात्र आधी फोन लावला. मी शेजारीच होतो. "सई, त्यो झोपला न्हवता गं. मरायला टेकला हुता. माझ्याच हातनं चुकलं." या माणसावर माझा किती जीव आहे ते मला तिथं कळलं.

मग सई म्हणाली, "तात्या, मला विचारायचं ना! मी दोन वर्षं सांभाळलाय त्याला."

कोंबडीवाला झाला, खतवाला झाला, म्हशींचा डॉक्टर झाला. जिला सगळं माहीत होतं, तिला विचारायचं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी नातीनं सांगितलं आणि आजोबांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतलं.

आता संध्याकाळी डेअरीवर दूध घालून आले की तात्या जर्मनीला फोन लावतात. बंडूला दोडका चालेल का? ऊन किती वेळ द्यायचं? मंगळवारी विचारलेलं गुरुवारी परत विचारतात. सई तिकडून न कंटाळता सगळं पहिल्यापासून सांगते. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "तात्या, हे तर तुम्हाला पाठ झालंय."

त्यांनी फोनवर हात ठेवला. "गप बसा, पाव्हणं," म्हणाले. "बोलू द्या तिला."