पदर भिजते

पन्नास सालानंतरची गोष्ट. तेव्हा आरमोरीला जायचं तर वैनगंगा डोंग्यानं ओलांडावी लागे. एकदा माझ्यासमोर एक धानवाले नवरा-बायको बसले होते. नावं मी विचारली नाहीत. तो उंच, उन्हानं रापलेला. बोलण्याआधी उजव्या हाताची बोटं मांडीवर घासायचा.

बाई त्याला एकेक गोष्ट दाखवत होती.

"हे काय?"

"वल्हं."

"अन् तो?"

"बगळा."

उत्तर बरोबर यायचं, पण एकाच शब्दाचं. मी बघतोय हे पाहून ती म्हणाली, "जंगलात डोक्यावर फांदी पडली जी. तवापासून असंच हाय. शब्द सारे हायेत त्याइच्यापाशी, पन एकाले एक लागत नाई."

डोंगा मधोमध आला आणि त्याची बोटं थांबली. तो तिच्याकडे टक लावून पाहू लागला.

"पदर," तो म्हणाला. मग ओठ नुसतेच हलत राहिले. कपाळाची शीर फुगली. "पदर... भिजते."

बाई दचकली. "का म्हनलं?"

"तुहा पदर... पान्यात भिजून राह्यला."

आनंदानं मी उठूनच उभा राहिलो. डोंगा हलला, पण नावाडी रागावला नाही. तोही वल्हं थांबवून ऐकत होता. दिवसभर आपण बोलतो, शब्द आपोआप जुळत जातात. ते जुळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

बाईनं डोळे पुसले. पदर मात्र पाण्यातून उचलला नाही.

"कुठी भिजते?" ती म्हणाली. "मले तं नाई दिसत."

आणि तो तिला पुन्हा, आणखी मोठ्यानं सांगू लागला.