चाळीस पाहुणे आणि एक बावखल

आमच्या जोकीमकाकांचं बावखल मी बुजवलं. फावड्याला हातही न लावता, विरारच्या फ्लॅटमध्ये बसून, एका फोनवर!

बावखल म्हणजे वाडीतलं खोल खोदलेलं तळं. (आमच्या वसईत जुन्या वाड्यांमधून अशी बावखलं असायचीच.) पावसाचं पाणी त्यात साठतं, उन्हाळ्यात केळी-पानवेलींना पुरतं आणि जमिनीत मुरून शेजारची विहीर गोड ठेवतं. समुद्र इतका जवळ असल्यावर हे शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं. होळी गावच्या वाडीतलं काकांचं बावखल त्यांच्या आजोबांनी खोदलेलं. हे सगळं मला तोंडपाठ होतं, कारण त्यावरचा तक्ता मीच लिहिला होता.

तक्ता साठेबाईंसाठी. बाई आमच्याच, विरारमधल्या बोळिंजच्या सोसायटीतल्या, विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका. शेतांवर भराभर बिल्डिंगा उठू लागल्या त्या वर्षांत त्यांनी शिवारफेऱ्या सुरू केल्या. महिन्यातल्या एका रविवारी फ्लॅटमधल्या लोकांना बसमध्ये घालायचं आणि खाजणं, भातशेतं, वाड्या दाखवून आणायच्या, म्हणजे त्या वाचाव्यात असं त्यांना वाटेल. माझं अक्षर बरं आणि तोंड बंद, म्हणून तक्ते माझ्याकडे. घरात आमची गावची बोली, शाळेत इंग्रजी, सोसायटीत मुंबईची मराठी. तिन्हींत मला सगळ्यात चांगलं जमतं ते गप्प बसणं.

एका बैठकीत बाई म्हणाल्या, "पुढची फेरी बावखलाची. कुणाच्या ओळखीत आहे का एखादं चांगलं, भरलेलं?"

आणि माझा हात वर गेला! (मला विचारलं नाही, काही नाही.)

"ग्रेसी, तुझं?"

"काकांचं," मी म्हणाले. टाळ्या वाजल्या. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या सार्वजनिक भाषणाची लांबी एक शब्द.

आता काकांना फोन करणं आलं. फोन तारेने नाही तर आवाजाने पोचतो असं काकांचं पक्कं मत आहे.

"बोल गं ग्रेसी!"

"काका, पुढच्या रविवारी आमच्या इथली माणसं वाडीवर आणू का? चाळीस आहेत."

"चाळीस! कशाला?"

इथे मी फक्त "बावखल बघायला" एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. पण माझ्या डोळ्यांपुढे काकांचं हसणं आलं. विरारहून बस करून चाळीस शिकलेली माणसं बेडकांचा खड्डा बघायला येणार! मग ते खोदून खोदून विचारणार, मग मी समजावणार, आणि 'पाणथळ जागांचं संवर्धन' हे आमच्या बोलीत कसं म्हणतात ते मला कुठे ठाऊक होतं?

"असंच," मी म्हणाले. "वाडी बघायला. लहान मुलंपण आहेत."

"मुलं किती?"

"पंधरा-वीस."

मग काका गंभीरपणे म्हणाले, "तू काळजी करू नको. तुझी मान खाली जायला देणार नाही."

मला फार बरं वाटलं. हे वाक्य ऐकून बरं वाटलं, याचं आजही आश्चर्य वाटतं.

शुक्रवारी पपा काकांकडे जाऊन आले. "जोकीमची काय धावपळ चाललीय! मला मागे जाऊच देईना. म्हणतो, ग्रेसीला सांगू नको, तिला रविवारीच दिसू दे."

मागच्या भिंतीला चुना लावत असतील, असं मी गृहीत धरलं. क्षणभर वाटलं, फोन करावा. पण काका लगेच उचलतील आणि मग बोलावं लागेल, या भीतीने राहू दिला.

रविवारी आमची बस होळीला पोचली. टोप्या, वह्या, दोन दुर्बिणी, आणि मी रंगवलेला सहा हात लांब फलक. काका चर्चमध्ये मिस्साला जायच्या पांढऱ्या सदऱ्यात फाटकात उभे. काकीच्या हातात कोकम सरबताचा ट्रे.

"या या! मागे चला, मागे सावलीत बसायची सोय केलीय!"

आम्ही घराला वळसा घातला. मागे लाल मातीचं सपाट, चोपून काढलेलं अंगण होतं. वर कापडी मांडव, खाली चर्चच्या हॉलमधून आणलेल्या चाळीस खुर्च्या. पुढे माइकसुद्धा! पाण्यावर वाकलेले दोन माड आता शेवटच्या रांगेवर वाकले होते. एका खुर्चीच्या पाठीवर खंड्या बसला होता आणि मान तिरकी करून खाली मातीकडे बघत होता. संपूर्ण कार्यक्रमाला वेळेवर आलेला तो एकटाच.

मी साठेबाईंच्या मागे सरकले.

"व्वा, काय व्यवस्था!" साठेबाई म्हणाल्या. "बसू नंतर. आधी बावखल दाखवा."

"कसलं बावखल? तो खड्डा?" काका खूश होऊन हसले. "बाई, तुम्ही त्याच्यावरच उभ्या आहात!"

बाईंनी पायाखाली पाहिलं.

"शहरातली पोरं, पाण्यात पडली म्हणजे? मागच्या वर्षी वासरू पडलेलं," काका सांगू लागले. "आणि चाळीस माणसं बसवायची कुठं? म्हटलं, ग्रेसीची माणसं पहिल्यांदा येतायत. पलीकडे बिल्डिंग होतेय, तिथल्या बिल्डरला माती टाकायला जागाच पाहिजे होती. दोन दिवस डंपर येत होते. वरची लाल माती मी वेगळी मागवली, शोभेला!"

नेमक्या त्याच वेळी मागच्या दोन उत्साही मुलांनी माझा फलक उलगडला. काकांनी तो मोठ्याने वाचला. "बावखल वाचवा... वाडी वाचवा." मग माझ्याकडे वळले.

"ग्रेसी, ही माणसं खड्डा बघायला आलेली?"

"हो."

"मग सांगायचं नाही?"

फोनवर गर्जणारे काका हे इतक्या हळू म्हणाले, की पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नसेल.

साठेबाई शिक्षिका. समोर जे असेल ते शिकवायचं, ही त्यांची सवय. "मुलांनो, आज आपण भराव म्हणजे काय ते प्रत्यक्ष पाहणार आहोत. पाणी मुरायची जागा अशी बंद झाली, की विहिरी खारट होतात. लिहून घ्या." चाळीस माणसांनी लिहून घेतलं. एका लहान मुलीने विचारलं, "टीचर, मग बेडूक कुठे गेले?" काकीचा ट्रे हातात घेऊन काका आपल्याच अंगणात तपासणीला आलेल्या नमुन्यासारखे उभे होते, आणि लोक अधूनमधून त्यांच्याकडे वळून बघत होते.

शेवटी बाईंनी माइक माझ्या हातात दिला. "ग्रेसी, तू दोन शब्द बोल."

चूक माझी आहे, यांची नाही. एवढंच बोलायचं होतं. काका माझ्याकडे बघत होते. माइक खरखरला. मी म्हणाले, "हॅलो... चहा तयार आहे."

लोक चहाकडे धावले.

पुढच्याच आठवड्यात काकांनी दोन गडी घेऊन खोदायला सुरुवात केली. लाल मातीखालून फुटक्या टाइल्स, सळ्या, सिमेंटचे गोळे निघू लागले. डंपरवाल्याला बोलावलं, तर तो म्हणाला, "चाचा, हम डालते हैं, निकालते नहीं." कमरेइतकं खोदून काकांनी सोडून दिलं. पावसाळ्यात तिथे पाणी साचलं, पण मुरेना. नुसतं डबकं झालं, त्यात डास. कुणी विचारलं, बावखल का बुजवलं, तर काका म्हणतात, "माझंच डोकं फिरलेलं." माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो. केळीची पानं कडेने करपलेली. काकीने चहा आणला. मी पहिला घोट घेतला आणि तो तोंडातच थांबला. साखरेच्या मागून स्पष्ट खारट चव.

काका माझ्याकडे निरखून बघत होते. "ग्रेसी, तू बाहेरची, तुला कळेल. आम्हाला रोजची सवय. विहिरीचं पाणी बदललंय का गं?"

काकी म्हणाली, "काही बदललं नाही, यांचं आपलं उगाच. तू सांग गं यांना."

खरं सांगायची याहून चांगली संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. घोट मी गिळला.

"छान आहे, काका. गोड आहे."

काकीचा चेहरा उजळला. "बघा! मी सांगत नव्हते?" आणि तिने माझा कप पुन्हा काठोकाठ भरला. तो मी सगळा संपवला. शिक्षा म्हणून नव्हे, तेवढी मी थोर नाही. मला 'नको' म्हणता आलं नाही.