डिंकाने चिकटवलेली चिठ्ठी

मला ताटावरून उठवलं. पुलावाचा तिसरा घास हातात होता. त्यात मटणाची बरी फोड आली होती, म्हणून तो घास नेमका लक्षात राहिला.

संत फ्रान्सिसचा सण होता. हडपसरच्या पुढं, जिथं तेव्हा उसाची शेतं होती, तिथं आमचा मठ. आम्ही नऊ उमेदवार. उमेदवार म्हणजे पुढं फ्रान्सिसकन बंधू व्हायचं, तपकिरी झगा घालायचा, कमरेला दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन शपथांच्या तीन गाठींचा दोर बांधायचा, असं ठरवून आलेली पोरं. सणाला सगळ्यांच्या आईवडिलांना जेवायला बोलावलं होतं. माझे आबा येरवड्याहून दोन बस बदलून आले होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. माझ्या शेजारीच बसले होते.

पाहुण्यांचा संडास तुंबला. कुणीतरी येऊन आम्हा उमेदवारांच्या प्रमुखांच्या, फादर ग्रेगरींच्या, कानाशी लागलं. फादर उठले, टाळी वाजवली आणि ऐंशी माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आपला तज्ज्ञ कुठाय? ऊठ रे बाबा. तुझ्याशिवाय कुणाचं चालत नाही."

लोक हसले. मीही हसलो. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढं मी जरा शूर वाटेन. त्याआधी मी हसलो होतो. हात चाटून उठायलाही लागलो होतो.

आता या तज्ज्ञाचं शिक्षण कुठं झालं ते सांगतो.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातल्या एका मांगवाड्यातले. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, आबा पुण्याला आले आणि नगरपालिकेत झाडूवाले झाले. तीस वर्षं पेठा झाडल्या. आमच्या घरात एकच कायदा होता: पोरानं झाडूला हात लावायचा नाही. आईनं केर काढावा, बहिणीनं काढावा. मी नुसता दाराशी उभा केलेला झाडू बाजूला सरकवला, तरी आबा अंगावर यायचे. "ठेव. तुझा बाप झाडतोय तेवढं सात पिढ्यांना पुरं हाय." त्यामुळं मी कामाला निकामी आणि बोलण्यात हुशार असा वाढलो. मॅट्रिक होऊन नारायण पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला लागलो. लग्नपत्रिका, सत्यनारायणाच्या पोथ्या, दिवाळीला फराळाच्या पाककृती. कॅथलिक माणसानं पुण्याच्या निम्म्या मुंजी लावल्या.

फादर ग्रेगरी आमच्या चर्चमध्ये प्रवचनाला आले होते. फ्रान्सिसची गोष्ट सांगितली. कापडवाल्याचा श्रीमंत पोरगा, भर चौकात अंगावरचे कपडे काढून बापाच्या पुढ्यात ठेवतो आणि म्हणतो, आता माझं काही नाही. मला हसू यायला हवं होतं. आमच्याकडं काढून ठेवण्याएवढे कपडेच नव्हते. पण मी रडलो. सगळे सारखे भाऊ, कुणी मोठा नाही, म्हणून तर या लोकांचं नावच 'कनिष्ठ बंधू'. मला वाटलं, जगात एक जागा आहे, जिथं खालचं असणं हाच मान आहे. तिथं तर मी जन्मतःच पुढं असणार.

महिन्याभरानं फादर घर बघायला आले. उमेदवार घेण्याआधी तशी रीत असते. खुर्ची दिली ती नको म्हणाले, खाली मांडी घातली. आईच्या हातची भाकरी, लसणाची चटणी. दुसरी भाकरी स्वतःहून मागून घेतली. आई आत जाऊन रडली. मग फादरांनी आबांना विचारलं, काम काय करता. आबांनी सांगितलं. फादरांचा चेहरा उजळला. म्हणाले, "संत फ्रान्सिसही हातात झाडू घेऊन गावोगावची मंदिरं झाडायचे."

आबा म्हणाले, "व्हय? आन् पगार कोन देत हुतं?"

फादर खूप हसले. मी त्या हसण्याच्या प्रेमात पडलो. देवाचं बोलावणं म्हणतात, चर्चच्या भाषेत पाचारण, ते मला त्या हसण्यातून ऐकू आलं. आबांना अजिबात ऐकू आलं नाही. छापखान्याच्या मालकांनाही नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "आपण देवाकडे निघालात, आनंद आहे. तिथं जमलं नाही तर खिळे इथंच असतील. निदान जागचे हलत नाहीत."

मठात पहिल्या रविवारी कामाचा तक्ता समजावला. लाकडी फळीवर खिळे, खिळ्यांना पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, चिठ्ठीवर एकेकाचं नाव. घंटा, स्वयंपाकघर, बाग, वेदीची फुलं, कपडे, संडास. दर आठवड्याला चिठ्ठ्या एकेक घर पुढं सरकायच्या. फादरांनी विचारलं, संडासापासून कोण सुरुवात करणार? मी हात वर केला. कुणी सांगितलं नव्हतं. कनिष्ठातला कनिष्ठ व्हायची मलाच घाई झालेली.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा संडास धुतला. ॲसिडची अख्खी बाटली एकदम ओतली, वरून उकळतं पाणी. जो धूर निघाला त्यानं मी डोळे झाकून बाहेर पळालो, बादलीत पाय गेला, चप्पल आत राहिली. चपलेचा अंगठा वितळला. वसईचा एक उमेदवार मला धरून बागेत घेऊन गेला आणि म्हणाला, "तुला हे येत नाही रे."

मी खोकत खोकत म्हणालो, "शिकेन."

शिकलो. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांच्या चिठ्ठ्या सरकल्या, माझी नाही. मला वाटलं, राहून गेलं असेल. तिसऱ्या आठवड्यातही तेच. चौथ्यात माझी चिठ्ठी वाऱ्यानं खाली पडली, तर फादर म्हणाले, "ही सारखी पडते. चिकटवूनच टाकू." छापखान्याची सवय, डिंकाची बाटली कुठं असते ते मला ठाऊक. मीच धावत जाऊन आणली. मीच बोटानं डिंक लावला. फादरांनी दाबून बसवली.

आणि मी खूश होतो, हे लिहिताना आता हात आखडतो. आम्हाला रोज आत्म्याची वही लिहावी लागायची. त्यात मी लिहिलं, 'प्रभू, बाकीच्यांना तू फिरवतोस. मला तू एका जागी रोवलंस.' सहा महिने असलं लिहीत होतो. आतून वाटायचं की फादरांनी मला निवडलंय. नऊ जणांत एकट्याला. ते खरंच होतं. निवडलं होतंच.

तर मी हात चाटून उठत होतो. समोर बसलेले एक पाहुणे, कुणाचे तरी वडील, संकोचून म्हणाले, "फादर, पोराला जेवू द्या ना. प्लंबर बोलवा."

फादर ग्रेगरी त्यांच्याकडं झुकले. आवाज खाली आणला. पण मी आणि आबा हाताच्या अंतरावर होतो. ते प्रेमानं म्हणाले. हे मी मुद्दाम लिहितो. प्रेमानं.

"ह्याला सवय आहे हो. घरचंच काम आहे त्यांचं. बाकीच्या मुलांना मळमळतं."

मी आबांकडं बघितलं. आबांनी ताट पुढं सरकवलं. शर्टाचं मनगटाचं बटण सोडलं. बाही वर दुमडली, एक घडी, दुसरी घडी, कोपरापर्यंत. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि म्हणाले, "तू जेव. मी बगतो."

आणि निघाले. साठीचा माणूस, सणाचा पाहुणा, इस्त्रीच्या शर्टात. भोजनगृहात सहा झगे होते. सहा दोर, प्रत्येकाला तीन गाठी. एकानंही म्हटलं नाही, अहो, तुम्ही बसा. फादर ग्रेगरी तर मान डोलावत होते. समजूतदार माणूस, असं.

आबा दारापाशी पोचेपर्यंत मी बसून होतो. तेवढं अंतर मी माझ्या बापाला चालू दिलं. बारा-पंधरा पावलं. ती माझ्या नावावर आहेत.

मग मी उभा राहिलो. "आबा, परत या. बसा."

आबा थांबले.

मी म्हणालो, "फादर, मला सवय नव्हती. माझ्या बापानं मला जन्मात कधी झाडूला हात लावू दिला नाही. सवय सहा महिन्यांची आहे. तुम्ही लावलेली."

"आज सण आहे, बाळा," फादर म्हणाले. "आज्ञापालन हीसुद्धा एक गाठ आहे."

"मग आज तुमची सुटली की आवळली ते बघा. मी जाणार नाही. आबाही जाणार नाहीत."

आबा परत येऊन बसले. बाही खाली केली नाही, तशाच हातानं जेवले. मीही जेवलो. ताटातलं सगळं संपवलं. संडास संध्याकाळपर्यंत तुंबलेला राहिला. पाहुणे एकेक करून उसाकडं जाऊन आले. कनिष्ठ बंधूंना निसर्ग प्रिय असतोच.

रात्रीच्या प्रार्थनेआधी मी तक्त्यापाशी गेलो आणि माझी चिठ्ठी नखानं काढायला लागलो. डिंक मीच लावलेला, चांगला लावलेला. पुठ्ठा अर्धा फाटून हातात आला. माझं आडनाव फळीवरच राहिलं.

दोन दिवसांनी फादरांनी बोलावलं. म्हणाले, तुझ्यात राग आहे, नम्रता कमी पडते. घरी जा, प्रार्थना कर. पाचारण स्पष्ट झालं की बघू.

मी विचारलं, "कुणाला स्पष्ट झालं की?"

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. त्या पाण्याचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही. माझ्या आईच्या दोन भाकऱ्या त्या माणसानं खाल्ल्या होत्या. खाताना घर मोजत होता.

मी परत छापखान्यात गेलो. मालक एवढंच म्हणाले, "या. खिळे वाट बघताहेत." देवाचं काय झालं, हे पुण्यात कुणी विचारत नाही, तेवढं बरं.

पण बोलावणं गेलं नाही. माझी मोठी अडचण ती. गेलं असतं तर लग्न केलं असतं, दोन पोरं झाली असती, फादरांना शिव्या देत सुखानं जगलो असतो. ते जात नाही. मला अजूनही तो झगा हवा आहे. ज्यानं भर चौकात कपडे काढले, त्याच्याशी माझं काही भांडण नाही. त्याचे कपडे घालून जे बसलेत, त्यांच्याशी आहे.

म्हणून मी पुन्हा अर्ज मागवला. छापील नमुना. नाव, जन्म, बाप्तिस्मा, शिक्षण, वडिलांचा व्यवसाय. जातीचा रकाना नव्हता. आमच्यात जात नसते ना. मी पट्टी घेतली आणि वडिलांच्या व्यवसायाखाली रकाना आखला. डावीकडं लिहिलं, जात. उजवीकडं, मांग. त्याखाली, संडास धुण्याची सवय: इतर उमेदवारांइतकी, आठवड्याच्या पाळीनं.

आबा शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "जात कशापायी लिवतोस? बाप्तिस्मा झालाय की."

"त्यांना माहीत आहे, आबा. कागदावर तेवढी नव्हती."

आबांनी कागद बोटानं माझ्याकडं सरकवला. मग म्हणाले, "ठळक लिव."

पहिला अर्ज परत आला, 'सध्या जागा नाही' म्हणून. दुसरा गेला आहे. तिसरा आखून ठेवला आहे. त्यांनी मला नाही म्हणावं, तो त्यांचा अधिकार. पण कारण त्यांना त्याच रकान्यासमोर लिहावं लागेल. तोवर मी दर वर्षी सणाच्या दिवशी तिथं जाणार, मिस्साच्या प्रार्थनेला पहिल्या रांगेत बसणार, जेवायला थांबणार. आणि ताटावरून उठणार नाही.