नाथाच्या पडद्यातलं पाणी

कोपरीच्या नाथा कोळ्यानं अठ्ठ्याण्णव साली होडी विकली आणि लेकीला, वनिताला, घेऊन तो स्टेशनाजवळच्या दुकानात कॉम्प्युटर बघायला गेला. दुकानदारानं दोन मशिनं चालू करून मोटारींच्या शर्यतीचा गेम लावला.

"गाड्या राहू दे रे," नाथा म्हणाला. "पाणी दाखव."

मग बोटींचा गेम निघाला. साध्या मशिनवर पाणी म्हणजे नुसते निळे चौकोन सरकत होते. दुसऱ्याचा पडदा मोठा, आत वेगळं ग्राफिक्स कार्ड. तिथं लाट उठायची, फुटायची, बोटीमागे फेसाची रेघ राहायची. नाथा मान तिरपी करून बाजूनं बघत राहिला. खाडीचा तळ असाच बघतात. समोरून बघितलं तर आपलंच तोंड दिसतं.

"काका, एवढं भारी कार्ड कशाला? तीन वर्षांत जुनं होईल," दुकानदार म्हणाला.

"माझी होडी बावीस वर्षं चालली. हलक्या लाकडाची घेतली असती तर?"

भारी कार्डाचं मशिनच घरी आलं. रोज संध्याकाळी वनिताचा अभ्यास आटोपला की नाथा गेममधली बोट पाण्याच्या मधोमध नेऊन उभी करायचा. शर्यत पुढे निघून जायची. त्याच्या डोळ्यांत निळं पाणी हलत राहायचं.

जून लागला, तसा त्यानं गेमला हात लावणं सोडलं.

"बाबा, बिघडलं काय?"

"नारळी पुनवेपर्यंत होडी पाण्यात घालायची नसते, पोरी. मासळी अंड्यावर असते."

वनिता हसली. "अहो, यात मासळीच नाही."

नाथानं काळ्या पडद्यावरून हलकेच फडकं फिरवलं.

"म्हणून तर. होऊ दे की आधी."