उशिरा गढुळलेल्या नळ्या

कारखान्यात सुया, पट्ट्या, मलमं किरणांखाली धरून निर्जंतुक करत, आणि जंतू खरंच मेले का हे बघणं ताईंचं काम. त्यांना सगळे ताईच म्हणत, साहेबसुद्धा. टणक कवचात गाढ झोपलेले जंतू, म्हणजे बीजाणू, ताई आधी किरणांखाली ठेवत, मग पोषक रसाच्या नळीत सोडून उबदार कपाटात ठेवत. रस नितळ राहिला तर मेले, गढूळ झाला तर जिवंत. "ताईंच्या हातून कुणी जिवंत सुटत नाही," अशी पोरी थट्टा करत, आणि ताईंना ती आवडे, खोटं कशाला बोला!

यंदा भाजल्यावर लावायचं नवं मलम आलं, ग्लिसरिनचं. ताईंनी बीजाणू नेहमीसारखे पाण्यात घालून तपासले, तसेच मलमातही. ठरल्या दिवशी दोन्हीकडच्या नळ्या नितळ. माल बाहेर गेला. त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचा हात कुकरच्या वाफेने भाजला, तेव्हा एक ट्यूब ताईंनीच तिला नेऊन दिली. "डोळे मिटून लाव," म्हणाल्या.

नळ्या धुवायच्या कंटाळ्याने कपाटातच राहिल्या होत्या. आज सकाळी ताईंनी दार उघडलं, तर पाण्याच्या नळ्या तशाच नितळ आणि मलमाच्या सगळ्या गढूळ. किरण पाणी फोडतात आणि ते तुकडे बीजाणूंवर तुटून पडतात. ग्लिसरिन ते तुकडे मधल्यामध्ये गिळून टाकतं, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तर मलमातही तपासलं होतं. अर्धमेले बीजाणू उठायला वेळ घेतात, एवढंच त्यांनी धरलं नव्हतं. त्यांना मेलेलं ठरवून झाल्यावर ते सावकाश जागे झाले होते. ट्यूबांमध्ये असे आणखी किती निजलेत, कुणाला माहीत!

साहेबांना सांगून ताईंनी माल थांबवायला लावला. बहीण फोन उचलेना, तेव्हा त्या तशाच तिच्या घरी धावल्या.

बहिणीने हसतच दार उघडलं. "अगं ताई, एवढी धापा का टाकतेस?"

"पट्टी सोड आधी. आपण डॉक्टरकडे जातोय."

"डॉक्टर कशाला? काय गुण आलाय तुझ्या मलमाने! कालपर्यंत नुसता ठणका होता, आज काहीच दुखत नाही बघ."

पट्टीबाहेर आलेली बोटं काळपट दिसत होती. ताईंनी तिची करंगळी धरली आणि नख रुतेल इतक्या जोराने चिमटा काढला.

बहीण हसत बोलतच राहिली.