डबलबेलची एक घंटा

"या सहलीत तुम्ही माझ्या शेजारी बसायचं," बायकोने बजावलं. "उभं राहायचं नाही. एवढं एकच मागतेय."

बोलणं साधं, पण डबलबेलच्या पाचावर धारण बसली. जन्मभर बसची कंडक्टरकी करून हेच नाव पडलेल्या या गृहस्थांना चालत्या वाहनात बूड टेकलं की मळमळायचं. लग्न करून घरी आले तेही नवरी सीटवर आणि नवरोबा दांडा धरून!

आता ही दूरच्या बेटांची निवांत सफर. बायकोने डेकवर शेजारच्या खुर्चीत पर्स ठेवून जागा धरली. डबलबेल टेकले, पांढरेफटक पडले आणि उठले. पलीकडे सगळे एकाच कठड्याशी कासव बघायला लोटले होते.

"चला, पांगा! डावीकडे अख्खी बोट मोकळी आहे!"

"काका, कासव उजवीकडे आहे."

"येईल ते फिरून!"

"अहो, बसा ना," बायको म्हणाली.

"आलोच."

हे 'आलोच' ती लग्नापासून ऐकत होती.

दुपारी एका निर्मनुष्य बेटावर हिंडून मंडळी परतू लागली. डबलबेल फळीच्या तोंडाशी हजर. कुणाला हात दे, कुणाची टोपी सावर. रांगेतला शेवटचा माणूस चढला तशी त्यांनी फळी आत ओढली. डोक्यावर घंटेची दोरी लोंबत होती. माणसं मोजून झाली की खलाशी दोन टोले द्यायचा आणि कप्तान बोट सोडायचा. खलाशी नांगराशी झटत होता. डबलबेलचा हात आपोआप वर गेला.

टण् टण्! "जाऊ द्याऽऽ!"

बोट झोकात निघाली. बेट लहान होत गेलं, तेव्हा डबलबेलना जाणवलं, बराच वेळ आपल्याला कुणी 'बसा' म्हटलेलं नाही. वळून बघतात तर खुर्चीत नुसती पर्स. आणि तिकडे किनाऱ्यावर ओळखीची छत्री!

टण्!

"एक टोला म्हणजे काय?" कप्तान ओरडला.

"थांबवा! बायको राहिली!"

"मग दोन कुणी दिले?"

अख्खी बोट डबलबेलकडे बघू लागली. कासवसुद्धा बघत असावं.

बोट माघारी आली. बायको ओंजळभर शिंपले घेऊन सावकाश चढली. डबलबेल मान खाली घालून उभे.

"छान आहे हो बेट," ती म्हणाली. "पुढे सरका म्हणणारं कुणी नाही."

मग तिने खुर्चीतली पर्स उचलली. डबलबेल मुकाट्याने बसले. दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. पुढचं बेट दिसताच ते हळूच उठायला लागले.

बायकोने समुद्रावरची नजर न काढता त्यांचं मनगट धरलं.

"बसा. स्टॉप यायचाय अजून."